मदत हवी आहे: १८९४ च्या नाताळ विधानसभेवरची एकांकिका

नमस्कार मंडळी,

आमच्या हौशी संस्थेसाठी एक एकांकिका लिहितो आहे. विषय दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचा, जून १८९४ चा. भारतीयांचा मताधिकार काढून घेणारं विधेयक विधानसभेत आलंय आणि परत निघालेले गांधीजी व्यापाऱ्यांच्या आग्रहाखातर थांबलेत. इथवर सगळं ठाऊक आहे. अडलंय ते सभागृहाच्या प्रसंगापाशी.

माझ्याकडे जमलेली माहिती अशी: १८५६ साली नाताळ केप कॉलनीपासून वेगळं झालं तेव्हा कायदेमंडळात १६ जण होते, १२ निवडून आलेले आणि ४ सरकारी अधिकारी. १८९३ मध्ये 'जबाबदार सरकार' (विधानसभेला उत्तरदायी मंत्रिमंडळ) मिळालं आणि दोन सभागृहं झाली. विधानसभेत ३७ निवडून आलेले, वरच्या सभागृहात ११ नेमलेले. पहिले पंतप्रधान सर जॉन रॉबिन्सन, मूळचे वृत्तपत्रवाले. राजधानी पीटरमॅरिट्झबर्ग, म्हणजे डर्बनची मंडळी तिथे तारांनीच पोचणार.

आमच्या दिग्दर्शकाला गांधीजींना थेट सभागृहात भाषणाला उभं करायचंय. ते मी होऊ देणार नाही. पण मग त्या प्रसंगात नाट्य कुठून आणू? आणि दुसरं: विधेयक मंजूर होऊनही ते लंडनने अडवलं म्हणतात. निवडून आलेल्या सभेचा कायदा अडवला कसा? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

— पडदा_उघडा

प्रतिसाद: जुनी_दप्तरं

दिग्दर्शकाला सांगा, भाषणापेक्षा तारा जास्त रंगतील. गांधीजींनी सभापतींना तार केली, चर्चा पुढे ढकला म्हणून. तशाच तारा रॉबिन्सन आणि हॅरी एस्कंब यांना. सभापतींचं लगेच उत्तर आलं, चर्चा दोन दिवस पुढे. रातोरात अर्जाच्या नकला झाल्या, व्यापारी स्वतःच्या गाड्या घेऊन सह्या गोळा करत फिरले. विधेयक तरीही मंजूर झालं, ते होणार हे सगळ्यांना माहीत होतंच.

तुमचं खरं पात्र एस्कंब आहे. हे सरकारचे ॲटर्नी जनरल, म्हणजे विधेयक आणणाऱ्यांपैकी. पण दादा अब्दुल्लांनी (गांधीजी ज्यांच्या खटल्यासाठी तिथे गेले ते व्यापारी) गांधीजींना सांगितलेली हकीकत बघा: बंदरावरच्या एका इंजिनिअरशी निवडणुकीत चुरस होती, तो आपली मतं खाईल या भीतीने एस्कंबनीच भारतीय व्यापाऱ्यांना मतदार यादीत नावं नोंदवायला लावली, आणि त्यांनी मतं एस्कंबनाच दिली! वर दादा अब्दुल्लांचे वकीलही तेच. त्याच वर्षी गांधीजींच्या वकिलीच्या सनदेला लॉ सोसायटीने विरोध केला, तेव्हा त्यांचा अर्ज कोर्टापुढे मांडणारेही तेच. असा माणूस सभागृहात विधेयकाच्या बाजूने बसलेला दाखवला की संवाद आपोआप सुचतील.

मतदार कोण, तेही नाटकात येऊ द्या. ५० पौंडांची स्थावर मालमत्ता किंवा वर्षाला १० पौंड भाडं भरणारा पुरुष. कागदावर रंगाचा उल्लेख नव्हता, पण १८६५ च्या कायद्याने आफ्रिकनांवर एवढ्या अटी लादल्या की यादीत जवळपास कोणी उरलंच नाही. बहुसंख्य झुलू प्रजा त्या इमारतीबाहेरच. आपण हा प्रसंग फक्त भारतीयांचा म्हणून सांगतो, ते मला नेहमी खटकतं.

— जुनी_दप्तरं

प्रतिसाद: सातारकर_डर्बनवाला

लंडनचं सांगतो. वसाहतीच्या विधेयकाला गव्हर्नरची संमती लागे, आणि नाजूक विधेयक तो राणीच्या संमतीसाठी राखून ठेवू शके. हे तसंच राखून ठेवलं गेलं. मग १०,००० सह्यांचा अर्ज वसाहतमंत्री लॉर्ड रिपनकडे गेला. हेच रिपन पूर्वी आपले व्हाइसरॉय. पुढे रिपनच्या जागी चेंबरलेन वसाहतमंत्री झाले आणि संमती मिळाली नाही.

पण सुटका झाली असं दाखवू नका. १८९६ मध्ये तेच विधेयक नव्या वेषात आलं: ज्या देशांत संसदीय मताधिकारावर उभ्या निवडून आलेल्या संस्था नाहीत, तिथल्या युरोपीय वंशाच्या नसलेल्या लोकांना मत नाही. भारताचं नावच नाही, त्यामुळे लंडनची हरकत नाही. आधीपासून यादीत असलेले राहिले, नव्यांना दार बंद. आणि धास्ती कशाची? १८९५ च्या यादीत युरोपीय ९,३०९, भारतीय २५१.

— सातारकर_डर्बनवाला

पडदा_उघडा:

दोघांचेही मनापासून आभार. एस्कंब मिळाला, एकांकिका मिळाली! एकच शंका. १८९६ मध्ये टिळक मुंबईच्या कायदेमंडळात होते ना? मग भारतात निवडून आलेली संस्था नाही असं कसं म्हणता आलं?

सातारकर_डर्बनवाला:

होते, १८९५ पासून. पण भारतातल्या कायदेमंडळांच्या १८९२ च्या कायद्यात 'निवडणूक' हा शब्दच नव्हता. नगरपालिका, लोकल बोर्ड वगैरेंनी नाव सुचवायचं, नेमायचं सरकारने. चेंबरलेनना तेवढी फट पुरली. गांधीजी त्याच वर्षी पुण्यात टिळक, गोखले, भांडारकर तिघांनाही भेटले. टिळकांनी तिथल्या गांधीजींच्या सभेच्या अध्यक्षपदासाठी कोणत्याही पक्षात नसलेल्या भांडारकरांचं नाव सुचवलं. दुसरा प्रवेश हवा असेल तर तो पुण्यात घ्या, नेपथ्यही स्वस्तात होईल.