पाठ केलेला परिच्छेद आणि भिजलेला कांदा: इंग्रजीचे गुण कशाला द्यायचे?

प्रश्न (तालुक्यातील शिक्षक):
मी मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. प्रथम सत्राच्या परीक्षेत नववीला पावसाळ्यातील एका दिवसावर परिच्छेद लिहायचा होता. एका मुलीने गाईडमधील परिच्छेद स्वल्पविरामांसह जसाच्या तसा उतरवला. त्यात मोर होता, इंद्रधनुष्य होते आणि तिने कधीही न पाहिलेला समुद्रकिनारा होता. एका मुलाने लिहिले, ‘रेन कम नाइट. अवर ओनियन वेट. फादर नॉट स्लीप.’ कांदा साठवायच्या चाळीतला कांदा भिजला ती रात्र त्याने तीन वाक्यांत सांगितली होती. नमुना उत्तर समोर ठेवून मी मुलीला पाचपैकी चार आणि त्याला दीड गुण दिला. समासात ‘तुझे लिखाण मनाला भिडले’ असा शेराही लिहिला, पण पेपर हातात पडल्यावर त्याने गुण पाहिले आणि शेरा न वाचताच पेपर दप्तरात घातला. मी नियमाप्रमाणे वागलो, तरी तेव्हापासून मला चैन नाही. अशा वेळी आपण काय करता?

उत्तर १ (निवृत्त शिक्षिका, माजी नियामक):
सर, दहावीच्या बोर्डाच्या पेपरात गुणदान योजनेबाहेर जाऊ नये, कारण उत्तरपत्रिकेमागचे मूल परीक्षकाला ठाऊक नसते आणि एकावर केलेली दया दुसऱ्यावरचा अन्याय ठरते. नववी मात्र बरीचशी आपल्या हातात असते. तेथे आशयाचे आणि भाषाशुद्धतेचे गुण वेगळे ठेवा व ते मुलांना आधी सांगा. मला अधिक खंत आहे ती तोंडी परीक्षेची. मार्च 2019 च्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांचे 20 अंतर्गत गुण नव्हते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. ते गुण परत आल्यावर 2020 मध्ये निकाल 95.30 टक्के लागला. 2019 ला अभ्यासक्रमही नवा होता, म्हणून सारा दोष एकाच कारणावर टाकता येणार नाही. तरीही त्या 20 गुणांसाठी वर्गात खरोखर किती ऐकणे-बोलणे होत होते, हे आपण शिक्षकांनी स्वतःला विचारायला हवे होते. आपल्या विद्यार्थ्याला ती रात्र तोंडी सांगायला लावा. त्या 20 गुणांचा खरा उपयोग तोच आहे.

उत्तर २ (अध्यापक विद्यालयातील प्राध्यापक):
त्याने शेरा वाचला नाही, यात त्याचा दोष नाही. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या इस्रायलमधील शालेय मुलांच्या अभ्यासात, केवळ शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि कामातील गोडी वाढलेली दिसली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्या मुलांना मात्र शेऱ्याचा तसा लाभ झाला नाही. म्हणून पहिल्या खर्ड्यावर गुण लिहूच नयेत, गुण दुसऱ्या लेखनाला द्यावेत. साठ वह्या दोनदा तपासणे कठीण आहे, हे मी जाणतो. त्यासाठी प्रत्येक वेळी एकाच प्रकारची चूक धरावी. या मुलाच्या वाक्यांत भूतकाळ नाही आणि ‘अ’, ‘द’ अशी उपपदेही नाहीत. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नसल्यामुळे ती अंगवळणी पडायला वर्षे लागतात. ती सध्या बाजूला ठेवून फक्त भूतकाळ दुरुस्त करून घ्या. सगळीकडे लाल खुणा केल्या, तर पुढच्या वेळी तोही मोर आणि इंद्रधनुष्यच लिहील.

उत्तर ३ (एक पालक):
वरील मतांचा आदर ठेवून मला त्या मुलीची बाजू मांडायची आहे. माझ्या घरात माझ्याआधी कोणीही इंग्रजी वाचत नव्हते. मी परिच्छेद पाठ केले आणि वाक्य कसे उभे राहते, हे मला त्या पाठांतरानेच कळले. पाढे आणि मनाचे श्लोक आपण अर्थ कळण्याआधी पाठ करतोच. तिने मेहनत घेतली आहे, तेव्हा तिचे चार गुण चोरीचे समजू नयेत. फक्त तिच्या पाठांतराला पुढची पायरी मिळाली पाहिजे. दहावीला पाच उत्तम विषयांची टक्केवारी धरली जात असली, तरी अकरावीच्या प्रवेशासाठी एकेक गुण मोजणाऱ्या घरात पाठ केलेले सोडून स्वतःचे लिहिण्याची जोखीम मूल स्वतःहून घेत नाही. ती शिक्षकानेच घ्यायला लावावी लागते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. त्या मुलीबद्दल मी पुरेसा विचार केला नव्हता, हे मान्य करतो. काल दोघांना एका बाकावर बसवले आणि गुण न देता पुन्हा लिहायला सांगितले. भूतकाळाची रूपे तिला पाठ होती, ती तिने त्याला सांगितली. ‘कम’चे ‘केम’ झाले. मग त्याने तिला विचारले, तुमच्याकडे पाऊस आला तेव्हा काय झाले? ती बराच वेळ थांबली आणि तिने समुद्रकिनारा खोडून ‘अवर रूफ लीक्ड’ असे लिहिले. ते वाक्य तिच्या गाईडमध्ये नव्हते. पुढचा परिच्छेद ती सोमवारी आणणार आहे. त्यावरही मी गुण लिहिणार नाही.