मतदान झालंच नाही, तरी 'नवनिर्वाचित' म्हणायचं का?

फलकलेखिका: सोसायटीच्या नव्या समितीच्या अभिनंदनाचा मजकूर माझ्याकडे आलाय. जागा तितकेच अर्ज आले, म्हणून मतदान झालं नाही. एका बाईंना तर समितीनं नंतर आत घेतलं. सचिवांचा हट्ट, सगळ्यांना 'नवनिर्वाचित' लिहा, भारदस्त वाटतं. एकही मत न पडता 'निर्वाचित' कसं?

जुना केंद्राध्यक्ष: बिनविरोध आलेलाही निर्वाचितच. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम ५३ पाहा. जागांइतकेच उमेदवार उरले की निवडणूक निर्णय अधिकारी त्यांना निवडून आल्याचं जाहीर करतो. २०२४ मध्ये सुरतचे खासदार असेच मतदानाविना लोकसभेत गेले. सोसायटीचा कायदा वेगळा, पण शब्दाचा अर्थ तोच.

नंतर घेतलेल्या बाई मात्र 'स्वीकृत'. महापालिकेत स्वीकृत नगरसेवक असतात ना? सभेत बोलतात, पण मत देता येत नाही. आणि हा फरक नुसता मानपानाचा नाही. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत संसदेचे आणि विधानसभांचे फक्त निर्वाचित सदस्य मत देतात. राज्यसभेतल्या १२ नामनिर्देशित सदस्यांना तिथे मत नाही. उपराष्ट्रपती निवडताना मात्र त्यांनाही आहे! गंमत म्हणजे लढायला उभा राहणाराही 'नामनिर्देशनपत्र'च भरतो, त्यामुळे त्या शब्दानं भल्याभल्यांचा घोळ होतो.

अर्धविराम: बोलताना 'निर्वाचित' कोण म्हणतं हो? लोक निवडून देतात, उमेदवार निवडून येतो आणि कार्यकर्ते त्याला निवडून आणतात. क्रियापद ऐकलं की बोलणारा कोणत्या बाजूचा ते कळतं. हरला तर सरळ 'पडला', त्याला संस्कृत लागत नाही. माझं मत, 'समितीवर बिनविरोध निवडून आलेले सदस्य' लिहा.

फलकलेखिका: हे आवडलं. पण अध्यक्ष समितीनंच आपल्यातून ठरवले. त्यांची 'नियुक्ती' का?

जुना केंद्राध्यक्ष: नाही. नियुक्ती वरचा माणूस करतो, बरोबरीचे करतात ती निवड. वर्तमानपत्रं दोन्ही एकाच पोत्यात भरतात, ते सोडा. 'अध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल' लिहा. बाईंच्या नावापुढे 'स्वीकृत सदस्य' पुरे, वेगळी ओळ नको.

फलकलेखिका: सचिवांना 'नवनिर्वाचित' हवंच असेल तर?

अर्धविराम: मग फक्त बिनविरोध आलेल्यांपुढे लावा. आणि 'नवनिर्वाचीत' लिहू नका, 'चि' ऱ्हस्व.