नाकामागच्या घशाचा कर्करोग दक्षिण चिनी लोकांतच एवढा का?

प्रश्न
मी सिंगापूरला राहते. नाकाच्या मागे घशाचा जो वरचा भाग असतो, त्याचा (नासोफॅरिंक्सचा) कर्करोग येथील चिनी वंशाच्या लोकांत बराच आढळतो, मलय लोकांत त्याहून कमी आणि भारतीयांत अगदी विरळ. एकाच शहरात राहणाऱ्यांत एवढा फरक पडण्याचे कारण रक्तात शोधावे की ताटात?

प्रतिसाद १
दोन्हीकडे, आणि शिवाय एका विषाणूत. मुळात सगळे चिनी लोक यात सारखे नाहीत. दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील कॅन्टोनी (कॅन्टोनीज बोलणाऱ्या) पुरुषांत लाखामागे वर्षाला २० ते ३० रुग्ण नोंदले गेले आहेत, उत्तर चीनमध्ये मात्र हा रोग कमी आहे आणि जगात बहुतेक ठिकाणी तो वर्षाला लाखात एकालाही होत नाही. या रोगाशी जोडलेला एपस्टाइन-बार विषाणू जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो. त्यामुळे एकट्या त्याच्यावरून हा फरक उलगडत नाही. विषाणूला तोंड देणाऱ्या एचएलए जनुकांचे काही प्रकार दक्षिण चिनी लोकांत धोका वाढवतात. त्यात बाळपणापासून खाल्लेल्या खारवलेल्या मासळीतील नायट्रोसामाइन या कर्करोगकारक रसायनांची भर पडते.

प्रतिसाद २
मग आमच्या कोकणातल्या खाऱ्या मासळीचे काय? घरोघरी हीच भीती उभी राहील.

प्रतिसाद १
आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ साली चिनी पद्धतीची खारवलेली मासळी निश्चित कर्करोगकारक ठरवली. इतर खाऱ्या मासळीबद्दल असा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा तिला मिळाला नाही. चिनी पद्धतीत मासा खारवण्याआधी किंवा खारवताना थोडा कुजू देतात. महाराष्ट्रात तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तंबाखू आणि सुपारी आहे, ती चिंता आधी करावी.

प्रतिसाद ३
भारतीयांत विरळ, हे सरसकट खरे नाही. नागालँडमध्ये या रोगाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे, आणि धुरावर वाळवलेले मांस व चुलीचा घरात कोंडणारा धूर यांच्याकडे तेथे संशयाने पाहिले जाते. अमेरिकेत जन्मलेल्या चिनी लोकांत हा रोग स्थलांतरितांपेक्षा कमी, पण गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो. हाँगकाँगमध्येही गेल्या काही दशकांत तो घटला आहे, आणि एवढ्या अवधीत जनुके बदलत नाहीत; म्हणजे राहणीचाही यात वाटा असावा. तुमच्या परिचयातील कोणाच्या मानेत न दुखणारी गाठ आली असेल, एकच कान सतत दडे बसल्यासारखा वाटत असेल किंवा नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर वंश कोणताही असो, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला सांगा.