मदत हवी आहे: ‘गॉबस्मॅक्ड’ कुठे चालतं, कुठे खटकतं?

‘आय वॉज गॉबस्मॅक्ड’ असं एका पत्रात लिहायचं आहे. पत्र वयाने मोठ्या ब्रिटिश सहकाऱ्याला जाणार आहे; ओळख चांगली, पण घसट नाही.

अर्थ माहीत आहे. ‘गॉब’ म्हणजे तिकडच्या बोलीत तोंड, ‘स्मॅक’ म्हणजे चापट. थोडक्यात, थक्क होऊन बोलती बंद. शब्दकोशही पाहिले, पण ते ‘ब्रिटिश, अनौपचारिक’ एवढा शिक्का मारून मोकळे होतात. ‘व्हेरी’ऐवजी ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ लावतात, हेही कळलं. ‘सरप्राइज्ड’ सुचवू नका, फारच मिळमिळीत वाटतं. ‘फ्लॅबरगास्टेड’ १७७२ पासून छापील नोंदीत आहे, त्यामुळे तो शब्द निदान मुरलेला तरी आहे. पण मला इतका नाटकी सूर नको.

खरी अडचण पुढे आहे. पत्रात दोन बातम्यांचा उल्लेख येतो: एकाची अनपेक्षित बढती आणि दुसऱ्याचा तडकाफडकी राजीनामा. बढतीला हा शब्द शोभेल असं वाटतं. राजीनाम्याबद्दल लिहिला तर मी मजा घेतोय असं वाटेल का? आणि ‘गॉब’मुळे ब्रिटिश कानांना तो असभ्य लागतो, की नुसता घरगुती?