पाखाडी चढताना धाप लागते, पण ऑक्सिमीटर ९८ दाखवतो. मग कमी काय पडतंय?

आगरवाला, गुहागर:
नमस्कार मंडळी. वय ५७. मुंबईची नोकरी संपवून गावी आलो. घर खाली आगराला लागून, एसटीचा रस्ता वर सड्यावर, मधे जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची उभी पाखाडी. अर्ध्यावर टेकावंच लागतं. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर परवा खिशात टाकून नेला आणि धापा टाकतच बोटाला लावला. ऑक्सिजन ९८, नाडी १४२! घरी खुर्चीत बसून लावला तरी ९८च. तेवढ्यात सत्तरी ओलांडलेली शेजारची काकी डोक्यावर पातेऱ्याचा भारा घेऊन "काय रे, दमलास?" म्हणत वर गेलीसुद्धा. डॉक्टरांनी ईसीजी, बीपी बघून "रोज चाला" एवढंच सांगितलं. ऑक्सिजन पुरेसा आहे तर धाप कसली? आणि चालून नेमकं काय बदलणार?

सड्यावरची सिस्टर (निवृत्त):
भाऊ, मशीन खोटं बोलत नाही, तुम्ही त्याला भलताच प्रश्न विचारताय. धमनीतल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलंय, एवढंच ते सांगतं. फुप्फुसं धड असली तर चढावरही आकडा फारसा हलत नाही. एसटीच्या सगळ्या सीट भरल्यात हे कळलं. पण तासाला गाड्या किती सुटतात आणि प्रवासी उतरतात का, हे त्यात कुठे दिसतं?

गाड्या सोडतं हृदय. बसल्या जागी मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त, आणि जोराच्या मेहनतीत त्याच्या चौपट. नाडीची वरची मर्यादा वयावर ठरते, व्यायामाने ती वाढत नाही. वाढतं ते एका ठोक्यात फेकलं जाणारं रक्त. नियमित चाललात की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग वाढतो, हृदय जास्त भरतं, पुढे डावा कप्पाही दमदार होतो. मग त्याच पाखाडीला नाडी १४२ वर जाणार नाही.

खरी गंमत मात्र पायांत आहे. आरामात असताना रक्त आपल्या ऑक्सिजनचा जेमतेम चौथा हिस्सा देऊन परत येतं. मेहनतीत स्नायू तापतो, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल साचतं, आणि नेमकं तिथेच हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडायला राजी होतं. कसलेली मांडी-पोटरी त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त काढून घेते, कारण तिथे केशवाहिन्यांचं जाळं दाट झालेलं असतं आणि पेशींत मायटोकॉन्ड्रियाही (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या बारीक भट्ट्या) जास्त असतात. याला महिने लागतात. काकीचा जन्म चढ-उतारात गेलाय, तिच्याशी आत्ताच बरोबरी नको.

आणि धाप मुख्यतः ऑक्सिजन संपला म्हणून लागत नाही. कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल बाहेर टाकायला मेंदू श्वास वाढवतो.

ओहोटीला किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. कोरड्या वाळूत पाय रुततात, ते नंतर.

वेंगुर्लेकर:
सिस्टर, एक रवला. माझ्या बायलेक अशीच धाप लागा, मशीन ९९ दाखवी. रक्त तपासला तर हिमोग्लोबिन ८! पैलो रिपोर्ट काढा, मगे चाला.

सड्यावरची सिस्टर:
शंभर टक्के बरोबर, मीच आधी लिहायला हवं होतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. रिपोर्टमधला आकडा म्हणजे १०० मिली रक्तात किती ग्रॅम. १५ असेल तर तेवढ्या रक्तात ऑक्सिजन २० मिली. ८ असेल तर ११ सुद्धा नाही. टक्का मात्र दोघांचा ९८. पुरुषाचं १३ च्या खाली आणि बाईचं १२ च्या खाली म्हणजे कमी.

दापोलीकर:
मी बीपीची गोळी घेतो. चढावर नाडी १०५ च्या वर जातच नाही. म्हणजे हृदय फिट समजायचं ना?

सड्यावरची सिस्टर:
गोळीचं नाव बघा. मेटोप्रोलोल, अटेनोलोल अशी असेल तर नाडी गोळीनेच बांधून ठेवलीय, फिटनेस त्यावरून कळणार नाही. बोलता येतंय का, तेच बघत चाला. गोळी मनाने बंद करू नका.

आणि दोघांनाही: चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, थंडगार घाम यातलं काहीही झालं तर जागच्या जागी बसा. आराम केल्यावर थांबलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नाही थांबलं तर १०८. पाखाडी असेल तर वर रस्त्यावर चालत जायचं नाही, माणसं बोलवा आणि खुर्चीत बसवून न्यायला सांगा.