मदत हवी आहे: पूर्व भूतान – रस्त्याने जावे की देशांतर्गत विमानाने?

नमस्कार. येत्या मार्चमध्ये आई-वडिलांना घेऊन भूतानला जाण्याचे ठरवले आहे. वडील 74 वर्षांचे आहेत, आई 70 ची. पारो, थिंफू आणि पुनाखा आम्ही 2019 मध्ये पाहिले असल्याने या वेळी बुमथांग, मोंगार, त्राशिगांग असे पूर्वेकडे सरकत आसामच्या सीमेवरच्या साम्द्रुप जोंगखारला खाली उतरावे आणि गुवाहाटीहून विमानाने पुण्याला परतावे, असा बेत आहे.

घोडे अडले आहे ते पूर्व-पश्चिम महामार्गावर. थिंफू ते त्राशिगांग हे अंतर सुमारे 550 किलोमीटर आहे. आपल्याकडे एवढ्या अंतरासाठी सकाळी निघालेला माणूस रात्रीच्या जेवणाला पोहोचतो. तिथे मात्र त्याचे तीन दिवस धरावेत असे सगळे सांगतात. कारण उघड आहे. भूतानच्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात आणि हा रस्ता त्यांना आडवा जातो, त्यामुळे प्रत्येक खोऱ्यात उतरायचे आणि पुढची खिंड पुन्हा चढायची. दोचू ला, पेले ला, योतोंग ला आणि सर्वांत उंच म्हणजे सुमारे 3,780 मीटरची थ्रुमशिंग ला. या खिंडीनंतर मोंगारच्या अलीकडे रस्ता लिंगमेथांगजवळ सुमारे 650 मीटरपर्यंत खाली येतो, म्हणजे एकाच दिवसात तीन हजार मीटरहून अधिक उतार. वडिलांचे कान घाटात लगेच दडे बसून दुखू लागतात, म्हणून हा टप्पा मला सर्वांत जास्त धास्तीचा वाटतो.

आईला गाडी लागते. मागच्या वेळी फुंत्शोलिंगहून थिंफूला जाताना गेदूच्या आसपास इतके धुके होते की पुढच्या ट्रकचा मागचा लाल दिवा तेवढा दिसत होता, आईने डोळे मिटून आवळासुपारीची अख्खी डबी संपवली आणि मुक्कामी पोहोचल्यावर पहिले वाक्य उच्चारले ते "परत जाताना हाच रस्ता आहे का?" वडिलांचे म्हणणे निराळे. 1958 मध्ये नेहरू चुंबी खोऱ्यातून घोड्यावर आणि याकवर बसून पारोला गेले होते, भारताच्या 'दंतक' प्रकल्पाने रस्ते बांधायला घेतले ते 1961 पासून, तेव्हा आपण मोटारीत बसून कुरकुर करू नये, असे ते म्हणतात. (आईच्या शेजारी मागच्या सीटवर ते बसत नाहीत, हे नमूद करतो.)

दुसरा पर्याय पारोहून छोट्या एटीआर विमानाचा. बुमथांग आणि त्राशिगांगजवळचे योंगफुला या दोन्ही धावपट्ट्या 2011 मध्ये प्रवासी वाहतुकीसाठी खुल्या झाल्या. पण बुमथांगपर्यंत उडून गेल्यास फक्त आधीच्या खिंडी टळतात आणि थ्रुमशिंग ला तशीच पुढे उभी राहते. योंगफुलाला थेट गेल्यास तीही टळते, त्राशिगांगपासून साम्द्रुप जोंगखारपर्यंतचा 180 किलोमीटरच्या आसपासचा रस्ता उरतो, मात्र ज्या बुमथांगसाठी आई यायला तयार झाली तेच राहून जाते. शिवाय पारोलाच वैमानिकाला डोंगर डोळ्यांनी पाहत उतरावे लागते, तर डोंगरमाथ्यावरच्या योंगफुलाला ढग आल्यावर काय होत असेल, ही शंका आहेच.

अलीकडच्या दोन-तीन वर्षांत तिकडे जाऊन आलेल्यांना माझे विचारणे असे: मार्चमध्ये थ्रुमशिंग लावर बर्फामुळे गाड्या अडकतात का, आणि बुमथांग ते मोंगार हा टप्पा वयस्कर माणसांना घेऊन एका दिवसात झेपतो का, की मध्ये कुठे बरा मुक्काम मिळतो? देशांतर्गत विमान हवामानामुळे रद्द झाल्यास दुसऱ्या दिवशी जागा मिळते की तेवढे दिवस पारोतच काढावे लागतात? भारतीयांना दर रात्री माणशी 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागत असल्याने अडकून पडलेला प्रत्येक दिवस खर्चाचाच असतो. आणि साम्द्रुप जोंगखारहून गुवाहाटीला त्याच दिवशी संध्याकाळचे विमान पकडण्याचे धाडस करावे का, की सरळ रात्रीचा मुक्काम धरावा? तिकिटे या महिनाअखेरीपर्यंत काढायची आहेत.