एचिंग: कमानीखालची माणसं राखाडी डागात जातात, मदत हवी आहे

जस्ताच्या प्लेटवर एचिंग करतोय (लेपावर सुईने रेघा काढायच्या, त्या अ‍ॅसिडने धातूत कोरायच्या, मग शाई भरून कागदावर छाप), २० बाय ३० सेंमी, माझी तिसरीच. वर भलीमोठी दगडी कमान, खाली रस्ता: हातगाडी, छत्रीवाली बाई, हुज्जत घालणारे दोघं. वेड अर्थातच पिरानेसीचं, अठराव्या शतकातल्या इटालियन एचिंगकाराचं. १७४८ च्या सुमारास सुरू करून १७७८ मध्ये मरेपर्यंत तो रोमची दृश्यं कोरत राहिला. त्याची माणसं इमारतीपुढे मुंगीएवढी, तरी प्रत्येकाचं काहीतरी चाललेलं असतं.

माझी कमान झकास आली. माणसं मात्र गेली! सावलीतली आहेत म्हणून सुईने दाट आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये सगळी प्लेट एकदाच १२ मिनिटं ठेवली. काळं यायला हवं तिथे मळकट राखाडी डाग आलाय, फक्त कडा काळ्या. शाई घट्ट करून पाहिली, फरक नाही. (दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी छापली गेली, त्यावर कृपया हसू नये.)

प्लेट वाचेल का?

उत्तर १
शाईचा दोष नाही. नायट्रिकने रेघ खोल होते तशी रुंदही होते. दाट रेघांमधल्या भिंती पडल्या आणि तिथे एक उथळ खड्डा झाला. पुसताना त्यातली शाई निघून जाते, कडेला तेवढी अडकते. त्या जागी अ‍ॅक्वाटिंट द्या, म्हणजे राळेची पूड तापवून चिकटवा आणि पुन्हा अ‍ॅसिडमध्ये ठेवा. राळेच्या कणांमुळे तळ खरबरीत होईल, शाई धरेल. दोन-चार बाह्यरेषा मग ड्रायपॉइंटने, म्हणजे अ‍ॅसिडशिवाय सुईने थेट धातूत ओरखडून.

पुढच्या वेळी टप्प्याटप्प्याने: लांबची भिंत थोडा वेळ, बाहेर काढून तिच्यावर अ‍ॅसिड अडवणारं वॉर्निश, मग माणसं पुन्हा अ‍ॅसिडमध्ये. पिरानेसीही असंच करायचा. वेळ कुणाला विचारू नका, त्याच जस्ताच्या पट्टीवर चाचणी घ्या.

उत्तर २
आणि माप बघा की! त्याच्या बऱ्याच प्लेट्स ४० बाय ६० सेंमीच्या आसपास किंवा मोठ्या. तुमच्या लांबी-रुंदीला निम्म्या प्लेटवर त्याच प्रमाणातल्या माणसाला हात-पाय फुटणार कुठून? रेघा कमी करा. माणसामागे भिंतीचा तुकडा बर्निशरने (धातू गुळगुळीत करायचं अवजार) घासून उजळ करा, आकृती आपोआप पुढे येते.

धागाकर्ता
बर्निशरने आधी छत्रीवालीच्या मागची भिंत घासली. छत्री दिसायला लागली! हुज्जतवाल्यांसाठी राळ आणतो. एक शंका: कमानीवर वॉर्निश किती जाड लावू? मागे एकदा पातळ लावलं होतं, अ‍ॅसिड आत शिरलं.